बूस्टर, पीआरपी, ग्लुटाथायोन: लग्नाआधी चेहऱ्यावर सुई घ्यायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, घर घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ, नोकरी महापे एमआयडीसीत. चेहरा थकल्यासारखा दिसतो, गालांवर बारीक चुरगळलेल्या रेघा आल्यात, डोळ्यांखाली काळपटपणा आहे, गालाच्या हाडांवर वांग आहे. भाचीचं लग्न बारा आठवड्यांवर आलंय. जवळच्या सलूनने दोन स्किन बूस्टर (त्वचेत ओलावा धरणारं हायलुरोनिक ॲसिड टोचणं), एक पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव टोचणं) आणि पाच ग्लुटाथायोन ड्रिप (रंग उजळवण्यासाठी शिरेतून दिलं जाणारं औषध) असं पॅकेज सांगितलंय. सुई लावणारी व्यक्ती 'दर शनिवारी येते'. घ्यावं का?

निर्णय आधी सांगते. ग्लुटाथायोन ड्रिप अजिबात नको. पीआरपी नाही केलं तरी काही बिघडत नाही. स्किन बूस्टरचा तुम्हाला खरोखर उपयोग होऊ शकेल. पण सलूनमध्ये या तिन्हींपैकी काहीच घेऊ नका, कारण दर शनिवारी येणारी व्यक्ती रविवारी सकाळी तुमचा गाल जांभळा पडला तर तिथे नसेल. इंजेक्शनचा खरा प्रश्न टोचल्यानंतरच्या ४८ तासांत उभा राहतो.

आता कारणं. चेहरा 'थकलेला' दिसतो त्यामागे किमान चार वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगवेगळ्या थरांत असतात. वांग आणि डाग वरच्या थरात, रंगद्रव्यात असतात. बारीक रेघा, खरखरीतपणा, तेज जाणं हे त्याखालच्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या थरातलं दुखणं, जिथे कोलॅजन आणि पाणी धरून ठेवणारं हायलुरोनिक ॲसिड असतं. गाल बसणं, डोळ्यांखाली खळगा पडणं हे चरबी आणि हाडाच्या पातळीवरचं. कपाळावरच्या आठ्या आणि भुवयांमधल्या उभ्या रेघा स्नायूंमुळे पडतात. प्रत्येक इंजेक्शन एकाच थराचं काम करतं. बूस्टरने वांग जात नाही, बोटॉक्सने (स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनने) गाल भरत नाहीत आणि फिलरने (खळगे भरणाऱ्या जेलने) त्वचेचा पोत सुधारत नाही. पॅकेज विकणाऱ्याला हा फरक सांगण्यात रस नसतो. म्हणून तुमच्या चेहऱ्यावरचं नेमकं काय कोणत्या थरात आहे, हे पहिल्या भेटीत ठरलं पाहिजे.

डोळ्यांखालच्या काळपटपणाची घरी करता येईल अशी तपासणी आहे. खिडकीसमोर उभं राहून आरसा समोर धरा आणि चेहरा उजेडाकडे वर करा. काळपटपणा बराचसा नाहीसा झाला तर ती खळग्याची सावली आहे. तसाच राहिला तर रंगद्रव्य आहे. मग खालची त्वचा बोटाने हलकेच बाजूला ताणून पाहा. रंग त्वचेबरोबर सरकतो आणि फिका होत नाही, तर तोही रंगद्रव्याच्याच बाजूने पुरावा. निळसर-जांभळी छटा ताणल्यावर जास्त ठळक झाली तर पातळ त्वचेखालच्या शिरा दिसतायत. आपल्याकडे बऱ्याच जणींमध्ये या तिन्हींचं मिश्रण असतं, आणि ज्यांच्यात रंगद्रव्यच मुख्य आहे त्यांनी तिथे फिलर घेतलं तर पैसे वाया जातात, वर सूज येते. खालच्या पापणीला सकाळी फुगवटा येत असेल तर तिथलं फिलर पाणी ओढून तो फुगवटा वाढवतं आणि महिनोन्‌महिने राहतं. वरवर भरलं गेलं तर त्वचेतून निळसर दिसतं. पहिल्यांदाच इंजेक्शन घेणाऱ्या बाईने सुरुवात या जागेपासून करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या तक्रारींपैकी गालावरच्या बारीक रेघांसाठी बूस्टर योग्य आहे. त्वचेतलं नैसर्गिक हायलुरोनिक ॲसिड फार वेगाने मोडतं आणि नवं बनतं, साधारण एका दिवसात निम्मं बदललं जातं. म्हणून नुसतं साधं हायलुरोनिक ॲसिड टोचलं तर ते टिकत नाही. बूस्टरमध्ये ते वेगवेगळ्या पद्धतीने टिकाऊ केलेलं असतं. रेस्टिलेन व्हायटल या ब्रँडमध्ये दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम जोडबंध घातलेलं, म्हणजे रेणू एकमेकांना बांधलेलं, हायलुरोनिक ॲसिड असतं. जुवेडर्म व्होलाइटमध्ये १२. प्रोफायलोमध्ये जोडबंधासाठी रसायन वापरत नाहीत. मोठ्या आणि लहान रेणूंचं हायलुरोनिक ॲसिड उष्णतेने एकत्र बांधलेलं असतं आणि २ मिलीच्या सिरिंजमध्ये एकूण ६४ मिलिग्रॅम भरतं. देण्याची पद्धतही त्याप्रमाणे बदलते. पहिल्या दोन प्रकारांत साधारण एकेक सेंटिमीटरवर ०.०१ ते ०.०५ मिलीचे बारीक थेंब त्वचेच्या खोल थरात सोडतात, त्यामुळे एका गालावर चाळीस-पन्नास टोचण्या सहज होतात. प्रोफायलोमध्ये चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला ठरलेल्या पाच बिंदूंवर ०.२ मिलीचा एकेक गोळा देतात. हे बिंदू मोठ्या रक्तवाहिन्या टाळून ठरवलेले आहेत. महिन्याच्या अंतराने दोन बैठका होतात आणि दुसऱ्या बैठकीनंतर चार आठवड्यांनी परिणाम पाहायचा असतो.

बूस्टर कुठे फसतो? बहुतेक वेळा तो किती खोल टोचला यात. फार वर दिला तर डासाच्या चावण्यासारखे फुगवटे दिवसभराऐवजी आठवडाभर राहतात. जोडबंध असलेला प्रकार फार वर गेला तर खडे हाताला लागतात. चरबीत खोल गेला तर त्वचेवर काहीच दिसत नाही आणि क्लिनिक म्हणतं, 'तुम्हाला अजून दोन बैठका लागतील.' चार मिलिमीटर लांबीच्या बारीक सुईने, ३० ते ३२ गेजच्या, कोन सांभाळून काम केलं तर हा प्रश्न कमी येतो. दुसरी अडचण आपल्या रंगाच्या त्वचेची आहे. गव्हाळ ते सावळ्या त्वचेत जिथे दाह होतो तिथे डाग मागे राहण्याची प्रवृत्ती असते. पन्नास टोचण्या म्हणजे पन्नास छोट्या जखमा. वांग असलेल्या गालावर त्या आधीच्या तयारीशिवाय केल्या आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात स्कूटरवरून फिरलं, तर वांग आणखी गडद होऊ शकतं. पावसाळ्यात ढग असले तरी अल्ट्राव्हायोलेट-ए किरणं खाली येतात, ती गाडीच्या बाजूच्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात. घोडबंदर ते महापे रोज गाडीने जाणाऱ्या बाईच्या खिडकीकडच्या गालावर रेघा आणि डाग जास्त दिसतात, ते यामुळेच.

म्हणून पहिले दोन आठवडे सुई नको, तयारी. रोज सकाळी एसपीएफ ३० ते ५०चं सनस्क्रीन, दोन बोटांवर भरेल तेवढं, चेहरा आणि मानेला. वांग असल्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतं आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. रात्री ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए गटातलं मलम) ०.०२५ टक्के, वाटाण्याएवढं, एक रात्र सोडून. गर्भधारणेची शक्यता असेल तर नको. त्वचारोगतज्ज्ञाने लिहून दिल्याशिवाय सुरू करू नका आणि दुकानातून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली 'गोरं करणारी' मलमं तर मुळीच नकोत. सुईच्या आधी तीन दिवस ट्रेटिनॉइन थांबवा आणि त्वचा शांत झाल्यावर पुन्हा सुरू करा. खरं सांगायचं तर १२ आठवड्यांत या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडतो, तेवढा अनेकींना एका बूस्टरनेही पडत नाही. वांगासाठी त्वचेत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचे बारीक थेंब देतात, दर मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम या सौम्य प्रमाणात. फायदा मध्यम असतो आणि सनस्क्रीन न लावणाऱ्याला तो टिकत नाही.

आता बोटॉक्स, कारण तुमच्या पॅकेजमध्ये ते नाही, पण भुवयांमध्ये रेघ असेल तर क्लिनिकमध्ये सुचवलं जाईलच. बोटॉक्समधलं बोट्युलिनम टॉक्सिन मज्जातंतूच्या टोकावरचं एसएनएपी-२५ नावाचं प्रथिन तोडतं, त्यामुळे स्नायूला आकुंचनाचा निरोप पोहोचत नाही. चेहरा हलल्यावर पडणाऱ्या रेघांवरच ते चालतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) भुवयांमधल्या रेघांसाठी त्याला २००२ मध्ये मान्यता दिली आणि तेव्हापासून मात्रा बरीच पक्की झालीय. बोटॉक्स या ब्रँडचे भुवयांमध्ये पाच ठिकाणी ४-४ असे २० युनिट, डोळ्यांच्या कडेला प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी ४-४, म्हणजे दोन्ही मिळून २४, आणि कपाळावर पाच ठिकाणी ४-४ असे २०. ज्यांच्या पापण्या जड आहेत किंवा कपाळ लहान आहे त्यांना कपाळाची मात्रा कमी करावी लागते. कपाळ एकटंच सैल केलं आणि भुवया खाली ओढणारे स्नायू तसेच ठेवले, तर भुवया खाली येतात आणि चेहरा आणखी थकलेला दिसतो.

एक हिशेब लक्षात ठेवा. १०० युनिटच्या व्हायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) २.५ मिली सलाईन घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात. ५ मिली घातलं तर तेवढ्याच ०.१ मिलीत २ युनिट. टोचण्या तितक्याच, मात्रा निम्मी. 'आमच्याकडे निम्म्या दरात' यामागे पुष्कळदा एवढंच असतं. म्हणून 'किती टोचण्या' हे न विचारता 'कोणत्या ब्रँडचे किती युनिट' हे विचारा आणि ते बिलावर लिहून घ्या. वेगवेगळ्या ब्रँडचे युनिट एकमेकांच्या बरोबरीचे नसतात. डिस्पोर्टची भुवयांमधली मात्रा ५० युनिट असते, म्हणजे ते बोटॉक्सच्या अडीचपट औषध आहे असं नाही. बोटॉक्सची व्हायल २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची आणि सलाईन मिसळल्यावर २४ तासांत वापरायची, असं उत्पादकाचं सांगणं आहे. सलूनच्या फ्रिजमध्ये फेस पॅक आणि थंड पेयांच्या बाटल्यांशेजारी पडून असलेली, कधी फोडली ते न सांगता येणारी व्हायल नाकारायला हे एक कारण पुरेसं आहे.

परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिने टिकतो. भुवयांच्या वरच्या हाडाच्या कडेपासून किमान १ सेंटिमीटर वर टोचायचं असतं. खाली टोचलं किंवा द्रव जास्त झाला तर तो पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरतो आणि पापणी खाली येते. काही आठवड्यांत ती आपोआप वर येते, तोवर ॲप्राक्लोनिडिनचे ०.५ टक्क्याचे थेंब एक-दोन मिलिमीटर उचलून धरतात. पण लग्नाच्या आदल्या आठवड्यात हे झालं तर फोटोत ते दिसणारच. मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टॉक्सिन घेऊ नये. जेंटामायसिन, अमिकासिनसारख्या प्रतिजैविकांची इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर डिस्पोर्ट चालत नाही.

फिलरबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण सगळ्यात गंभीर अपघात इथेच होतो. हायलुरोनिक ॲसिडचं घट्ट जेल चुकून रोहिणीत गेलं तर पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो. त्वचा पांढरी पडते, मग जाळीदार जांभळट दिसते, दुखणं वाढत जातं. जेलमध्येच भूल असल्यामुळे सुरुवातीला दुखलं नाही तरी फसू नका. ओळखण्याची सोपी खूण: बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. उशीर लागत असेल तर तो धोका आहे. उपाय हायलुरोनिडेज, म्हणजे हे जेल विरघळवणारं एन्झाइम. ते मोठ्या मात्रेत, ग्रस्त भागाला ५०० युनिट किंवा जास्त, आणि रंग परत येईपर्यंत दर तासाला पुन्हा द्यावं लागतं. आपल्याकडे ते १५०० युनिटच्या व्हायलमध्ये मिळतं. मोठा भाग असेल तर एक व्हायल पुरत नाही. ज्या खोलीत फिलर भरलं जातं त्याच खोलीत चार-पाच व्हायल असायला हव्यात. 'फोन करून मागवू' हे उत्तर चालत नाही, कारण संध्याकाळी सातला माजिवड्याचा सिग्नल ओलांडायलाच किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे.

नाक, भुवयांमधली जागा, कपाळ आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी इथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या मुख्य रोहिणीशी जोडलेल्या असतात. तिथे दाबाने शिरलेलं जेल उलटं वाहून डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत (रेटिनापर्यंत) जाऊ शकतं आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर हातात फक्त मिनिटं असतात. बोथट टोकाची, २५ किंवा २२ गेजची कॅन्युला, हळू दाब आणि एका वेळी फार थोडं जेल, यांनी धोका कमी होतो, शून्य होत नाही. हायलुरोनिक ॲसिड निदान विरघळवता तरी येतं. रेडिएस किंवा स्कल्प्ट्रा हे कोलॅजन वाढवणारे पदार्थ विरघळवता येत नाहीत. ते वाईट आहेत असं नाही, स्कल्प्ट्रानंतर पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटं मालिश नीट केली तर परिणाम चांगला येतो. पण पहिल्यांदा घेणाऱ्याने उलटवता न येणाऱ्या गोष्टीने सुरुवात का करावी? तुम्हाला सध्या फिलरची गरज असेल असं वर्णनावरून वाटत नाही.

पीआरपी. तुमचं १० ते २० मिली रक्त सायट्रेट किंवा एसीडी (रक्त गोठू न देणारे पदार्थ) असलेल्या नळीत घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. दोन फेऱ्या केल्या तर पहिल्या हलक्या फेरीत लाल पेशी खाली बसतात आणि दुसऱ्या जोरदार फेरीत प्लेटलेट. वरचा बराचसा प्लाझ्मा (रक्तातला पिवळा द्रव भाग) काढून टाकल्यावर २-३ मिली द्रव उरतो आणि त्यात प्लेटलेट मूळ रक्तापेक्षा तीन ते पाच पट असायला हव्यात. एकच फेरी करून पिवळा द्रव सरळ टोचला तर तो प्लाझ्माच जास्त असतो. प्रत्येक क्लिनिकची पद्धत वेगळी असल्यामुळे परिणामही एकसारखे येत नाहीत, आणि एका बैठकीत तर फार काही दिसत नाही. साधारण महिन्याच्या अंतराने तीन बैठका लागतात. म्हणून पॅकेजमधली एक पीआरपी ही केवळ भर आहे. ठाण्या-नवी मुंबईत पावसाळ्यानंतर डेंग्यू भरपूर असतो. नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर प्लेटलेट पूर्ववत होईपर्यंत पीआरपी नको आणि इतर सुयाही नकोत, सगळा चेहरा काळानिळा पडेल.

पीआरपी स्वतःच्या रक्ताचं असल्यामुळे सुरक्षित, असं सांगितलं जातं. ते तेव्हाच खरं, जेव्हा नळीवर तुमच्या समोर तुमचं नाव लिहिलं जातं, सुई आणि नळी सीलबंद पाकिटातून निघते आणि तुमची नळी तुमच्या नजरेआड होत नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये पीआरपी फेशियल घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. तिथे एकदाच वापरायच्या वस्तू पुन्हा वापरल्या जात होत्या आणि रक्ताच्या नळ्या नावाशिवाय ठेवलेल्या होत्या. तुमचं 'शनिवारचं' पॅकेज एका दिवसात दहा जणींवर चालतं, तेव्हा नळ्यांची सरमिसळ होणं अवघड नाही.

ग्लुटाथायोन ड्रिपबाबत मी एवढी कडक का? त्वचा उजळवण्यासाठी शिरेतून ग्लुटाथायोन द्यायला आपल्याकडे मान्यता नाही. अमेरिकेचा आणि फिलिपिन्सचा एफडीए, दोघांनीही त्याविरुद्ध इशारे दिलेले आहेत. काहींना रंग थोडा उजळल्यासारखा वाटतो, थांबवल्यावर तो परत येतो, मग 'मेन्टेनन्स' सुरू होतो. दुसऱ्या बाजूला तीव्र ॲलर्जीने रक्तदाब कोसळणं, त्वचा सोलून निघणारी स्टीव्हन्स-जॉन्सनसारखी प्रतिक्रिया, यकृत आणि मूत्रपिंडावर ताण, असे धोके नोंदले गेलेत. ड्रिपमध्ये बहुतेक वेळा मोठ्या मात्रेत व्हिटॅमिन सी मिसळतात. जी६पीडीची (लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेल्या माणसात त्याने लाल पेशी फुटू शकतात, मुतखड्याची प्रवृत्ती असेल तर खडे वाढू शकतात. सलूनमध्ये ही तपासणी कोणी करत नाही. शिवाय तुमची तक्रार वांगाची आहे, त्यावर याचा भरवसा नाही. गव्हाळ रंग हा आजार नाही, त्यासाठी शिरेत सुई घेऊ नका.

पॅकेजमध्ये आता 'सालमन डीएनए' आणि 'एक्सोसोम' हीही नावं येऊ लागलीत. पॉलिन्यूक्लिओटाइड, म्हणजे सालमन माशाच्या डीएनएपासून शुद्ध केलेला पदार्थ, टोचण्यासाठी बनवलेल्या सिरिंजमध्ये येतो आणि पातळ त्वचेवर ठीक काम करतो. माशांची ॲलर्जी असेल तर नको. एक्सोसोमचं (पेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांचं) मात्र एकही उत्पादन टोचण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलेलं नाही. त्यांच्या बाटल्यांवर बहुधा बाहेरून लावण्यासाठी असंच लिहिलेलं असतं. बाटलीवर 'फक्त बाह्य वापरासाठी' असेल तर ती सुईने टोचायची नसते, मग समोरची व्यक्ती काहीही सांगो.

जंतुसंसर्गाबद्दल एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. नळाच्या पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस आणि किलोनी हे जंतू अस्वच्छ सुयांतून त्वचेत गेले तर गाठी लगेच येत नाहीत, दोन ते आठ आठवड्यांनी येतात. नेहमीच्या प्रतिजैविकांनी त्या बऱ्या होत नाहीत. तुकडा काढून कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करावं लागतं आणि महिनोन्‌महिने औषध घ्यावं लागतं. म्हणूनच टोचलेल्या चेहऱ्यावर साध्या पाण्याचा बर्फ थेट घासू देऊ नका. बर्फ लावायचाच तर बंद पिशवीतला, निर्जंतुक गॉजवरून. चेहरा आधी साबणाने धुवावा, मग क्लोरहेक्सिडीनने पुसावा, पण डोळ्यांजवळ क्लोरहेक्सिडीन नको, ते बुबुळाला इजा करतं. तिथे पोव्हिडोन आयोडिन चालतं. भूल देणारं मलम ४५ ते ६० मिनिटं ठेवतात, मलम लावून घरून येण्याची पद्धत चुकीची आहे. मोठ्या भागावर जास्त लावलं तर ते रक्तात शोषलं जातं.

डॉक्टर निवडताना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव तपासा. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीतली पदवी हवी. 'सर्टिफाइड एस्थेटिशियन' ही वैद्यकीय पदवी नाही. नौपाडा, पाचपाखाडी, वाशी, नेरूळ इथे योग्य पात्रतेचे डॉक्टर भरपूर आहेत, त्यामुळे नाइलाजाने कुठेही जावं अशी परिस्थिती नाही. घरापासून जवळचं क्लिनिक निवडा, कारण काही बिघडलं तर त्याच संध्याकाळी परत जावं लागतं. सीलबंद खोका तुमच्यासमोर उघडायला सांगा. त्यावर आयातदाराचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि कमाल किंमत छापलेली असते. फिलर आणि बूस्टरच्या सिरिंजबरोबर बॅचची चिकट पट्टी येते, ती तुमच्या कागदावर लावून घ्या. दुसरीची उरलेली अर्धी सिरिंज कधीही घ्यायची नाही. खोलीत ॲड्रेनलिन (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) आहे का, हेही विचारा. प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

स्वतःबद्दल काय सांगायचं? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, थायरॉइड, ओठांवर वारंवार येणारी नागीण, केलॉइडची (जखमेवर जाड, उंच व्रण वाढण्याची) प्रवृत्ती, मधमाशी चावून झालेली ॲलर्जी (हायलुरोनिडेज द्यावं लागलं तर ही माहिती उपयोगी पडते), आधी घेतलेलं कुठलंही इंजेक्शन. हृदयासाठी लिहून दिलेली ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, आयबुप्रोफेन मात्र आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवता येतात. दात काढणं, खोल साफसफाई किंवा लस असेल तर फिलरपासून दोन आठवडे दूर ठेवा.

तुमचं वेळापत्रक मी असं मांडेन. पहिले दोन आठवडे तपासणी, फोटो, सनस्क्रीन, ट्रेटिनॉइन. तिसऱ्या आठवड्यात पहिला बूस्टर. पाचव्या आठवड्यात, रेघा हलल्यावरच पडत असतील तर, बोटॉक्स, म्हणजे सातव्याला तपासून कमी-जास्त करता येतं. सातव्याच आठवड्यात दुसरा बूस्टर. शेवटचे चार-पाच आठवडे सुई बंद. डाग, गाठ, सूज, पापणी, काहीही झालं तरी त्यावर उपाय करायला तेवढे दिवस लागतात. या काळात पार्लरमध्ये ब्लीच, स्टीम, चेहऱ्याची जोरदार मालिश नको, आणि नवं क्रीमही नको.

बूस्टरनंतर त्या दिवशी मेकअप नाही, दोन दिवस व्यायाम, स्टीम, पोहणं नाही. बोटॉक्सनंतर चार तास कपाळ चोळू नका आणि त्या दिवशी हेल्मेट घट्ट बसवून स्कूटर चालवण्यापेक्षा रिक्षा किंवा गाडी बरी. निळे डाग पाच ते दहा दिवसांत जातात. त्वचा पांढरी किंवा जाळीदार जांभळी पडली, दुखणं तासागणिक वाढलं, किंवा धूसर दिसलं, दोन-दोन दिसलं, डोळ्यात अचानक कळ आली, तर डॉक्टरांना फोन लावतानाच घरातून निघा. दिसण्यात काहीही फरक जाणवला तर सरळ नेत्रविभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात जा आणि कोणतं इंजेक्शन, कुठे, किती वाजता घेतलं ते बॅचच्या पट्टीसकट दाखवा. आठवड्यांनंतर लाल, घट्ट गाठ उठली तर ती दाबू किंवा फोडू नका, त्याच कागदासह त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन कल्चरसाठी नमुना द्या.